मंदावलेला संगणक आणि घाईचें निदान

घरांतील एखादें माणूस आजारी पडलें, तर आपण प्रथम त्याची नाडी पाहतों. ताप केव्हांपासून आहे, पोटांत काय गेलें, झोंप लागते कीं नाहीं, हें विचारतों आणि मगच औषधाकडे वळतों. परंतु घरांतील संगणक आजारी पडला म्हणजे हा सारा विवेक कोठें जातो कोण जाणे! त्या दिवशीं घरांतील प्रत्येक जण वैद्य होतो, आणि प्रत्येकाचें औषध निदानाच्या आधींच तयार असतें. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं असाच प्रकार घडला. त्यांत सर्वांत मोठी चूक आमची स्वतःची होती, म्हणूनच ती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आमचें कुटुंब एकत्र. लहानथोर मिळून अकरा माणसें. मोबाइल बहुतेकांच्या हातीं असला तरी संगणक सर्वांत मिळून एकच, आणि तोही आठ वर्षांचा. त्यावर विजेचीं बिलें भरलीं जातात, नातवंडांचा अभ्यास होतो, आणि आमच्या थोरल्या बंधूंनीं नऊ वर्षें खपून जमविलेला कुलवृत्तान्ताचा मजकूर त्यांत होता. घरांत सर्व त्यांना दादा म्हणत. गांवोगांव फिरून, जुन्या वह्या व कागद उतरून घेऊन, एका बोटानें कळा दाबीत त्यांनीं तीं पानें तयार केलीं होतीं. २०२१ सालीं दादा गेले. त्या पानांची दुसरी प्रत कोठें आहे, हा प्रश्न आम्हां कोणाच्याच मनांत कधीं आला नव्हता.

श्रावणाच्या सुमारास हा संगणक मंदावला. पूर्वीं बटण दाबून देवापुढें निरांजन लावून येईपर्यंत तो तयार असे. आतां स्नानसंध्या आटोपली तरी पडद्यावर वर्तुळ फिरतच राही. एखादें पत्र उघडावें, तर तो मध्येंच थिजे. आणि मग एकाएकीं, जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत, काम पुढें चालू होई. घरांत सल्ल्यांचाही पाऊस पडला. धाकटे बंधु म्हणाले, विषाणु शिरला असावा. पुतण्या म्हणाला, सर्व पुसून विंडोज नव्यानें घाला. शेजारच्या गृहस्थांनीं ‘वेग वाढविणारा’ एक फुकट प्रोग्राम सुचविला. आम्हीं तर एकदम आरोपीच शोधून काढला! आमच्या बारा वर्षांच्या नातवानें आठ दिवसांपूर्वीं त्यांत एक खेळ घातला होता. आम्ही सर्वांदेखत त्याच्यावर रागावलों, आणि महिनाभर संगणकास हात लावावयाचा नाहीं अशी ताकीद दिली.

मुलानें निमूटपणें खेळ काढून टाकला. दोन दिवसांनीं तो हळूच जवळ येऊन म्हणाला, “आजोबा, खेळ काढला तरी तो तसाच अडतोय. मग तें खेळामुळें कसें?”

हा प्रश्न आम्हांस झोंबला. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना काकतालीय न्याय आम्हीं किती वर्गांना समजावून सांगितला असेल! कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. कारण असेल तेथें कार्य असावें, हा अन्वय. कारण नसेल तेथें कार्य नसावें, हा व्यतिरेक. येथें आम्हीं मानलेलें कारण दूर झालें होतें आणि कार्य जसेंच्या तसें उभें होतें. जें बारा वर्षांच्या मुलाला दिसलें, तें आम्हांला रागाच्या भरांत दिसलें नाहीं.

तेव्हां आम्हीं एक कोरी वही घेतली आणि सूनबाईला शेजारीं बसविलें. तिचें हिशेबाचें काम रोज संगणकावर चालतें. तिनें जें समजावून दिलें तें थोडक्यांत असें. संगणकांत माहिती दोन ठिकाणीं राहते. एक रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृति; वीज गेली कीं ती कोरी होते. दुसरी डिस्क, म्हणजे कायमचें दप्तर. जुन्या तऱ्हेच्या हार्ड डिस्कमध्यें खरोखरीच्या चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि एक बारीक दांडी त्यांवरून हिंडून माहिती वाचते. रॅममधून एखादी गोष्ट आणण्यास सेकंदाचा सुमारें एक कोटीवा भाग पुरतो. चकतीवरून आणण्यास सुमारें शंभरावा भाग लागतो. म्हणजे दोहोंत अंतर लक्षपटीचें! पाठ असलेला श्लोक आठवावयास एक सेकंद लागतो असें धरलें, तर तोच श्लोक या हिशेबानें दप्तरांतून शोधून आणावयास सत्तावीस तासांहून अधिक लागतील.

रॅम अपुरी पडली, म्हणजे संगणक तींतील कांहीं माहिती डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तशी परत आणतो. ही युक्ति मँचेस्टर विद्यापीठांतील ॲटलस संगणकांत १९६२ सालीं वापरांत आली. युक्ति उत्तम, पण तिलाही मर्यादा आहे. माजघरांत जागा दहा पानांची आणि जेवणारीं चाळीस. मग वाढण्याऐवजीं पानें उचलण्यामांडण्यांतच सारा वेळ जावा, तसें होतें. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनीं १९६८ सालीं या अवस्थेचीं कारणें व उपाय एका निबंधांत मांडले. तात्पर्य, संगणक सुस्त दिसला तरी तो आळसावलेला नसतो; पुष्कळदां तो नुसत्या येरझारांनीं दमलेला असतो.

आतां परीक्षा कशी करावी? पहिली पायरी ‘रीस्टार्ट’. २०१२ सालीं विंडोजची आठवी आवृत्ति निघाली, तेव्हांपासून ‘शट डाउन’ केलें असतां संगणक बहुधा पुरता बंद होत नाहीं. आपल्या अवस्थेचा कांहीं भाग तो डिस्कवर टिपून ठेवतो व दुसऱ्या दिवशीं तोच पुढें चालवितो. ‘रीस्टार्ट’नें मात्र तो नव्यानें आरंभ करतो. एवढ्यानेंच पुष्कळ तक्रारी मिटतात. आमची मिटली नाहीं.

दुसरी पायरी नाडीपरीक्षा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, स्मृति व डिस्क यांवर किती भार आहे, हें टक्क्यांनीं दिसतें. प्रोसेसरचा आंकडा सतत नव्वदीच्या वर राहिला, तर कोणता प्रोग्राम तो खात आहे हें त्याच यादींत सांपडतें. स्मृति भरलेली दिसली, तर उघडीं ठेवलेलीं कामें कमी करावीं, किंवा जमल्यास रॅम वाढवावी. आम्हीं तीन दिवस, सकाळीं व सायंकाळीं, हे आंकडे वहींत लिहिले. प्रोसेसर ५ ते १० टक्के; स्मृति निम्मी रिकामी; आणि डिस्क मात्र, कोणी कांहीं करीत नसतां, १०० टक्के! त्यांतही विशेष हें, कीं डिस्क अखंड राबत होती आणि तिच्याकडून येणारी माहिती मात्र मूठभर होती. नातवानें पेटीला कान लावला आणि म्हणाला, “आंत कांहींतरी टकटक वाजतंय.”

सूनबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “मामंजी, आतां याला दुसरें कांहींएक करूं नका. आधीं दादांचीं पानें बाहेर काढूं.”

डिस्क जीर्ण झाली, म्हणजे चकतीवरील एखादी जागा एका खेपेंत वाचली जात नाहीं. यंत्र तीच जागा पुनःपुन्हा वाचूं पाहतें आणि तोंवर बाकीचा संगणक तिष्ठत राहतो. आमचा संगणक थिजत होता तो याचमुळें. आतां घरांतील सल्ल्यांचा विचार करा. सर्व पुसून विंडोज नव्यानें घातलें असतें, तर दादांचीं नऊ वर्षें आम्हीं आमच्याच हातानें पुसलीं असतीं. विषाणु शोधण्यासाठीं सारी डिस्क चाळली असती, तर आधींच थकलेल्या त्या दांडीला आणखी पळविलें असतें. औषध वाईट नव्हतें. रोग दुसरा होता.

त्याच रात्रीं बाहेरची एक डिस्क जोडून नक्कल करावयास घेतली. क्रम सूनबाईनें ठरविला: जें पुन्हां मिळणार नाहीं तें प्रथम. कुलवृत्तान्ताचीं पानें पाव तासांत आलीं. छायाचित्रांना मात्र रात्र पुरली नाहीं. सकाळीं पाहतों तों दादांचीं पानें सर्व शाबूत होतीं. पण सतरा छायाचित्रें उघडेनात. त्यांत दादा व वहिनी यांचें काशीच्या घाटावरील एकुलतें एक छायाचित्र होतें. वहिनींना तें सांगण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या थोडा वेळ स्वस्थ बसल्या आणि मग म्हणाल्या, “त्यांचें लिहिलेलें राहिलें ना?” यावर आम्हांला कांहीं बोलवलें नाहीं.

पुढची दुरुस्ती सोपी होती. जुनी डिस्क काढून एसएसडी बसविली. तिच्यांत फिरणारा भागच नसतो, त्यामुळें माहिती शोधण्यास चकतीच्या मानानें सुमारें शतांश वेळ लागतो. विंडोज नव्यानें घातलें. पेटींतील धूळ झाडली. निरांजन लावून होण्याच्या आंत संगणक आतां तयार असतो.

प्रत्येक घरचा रोग हाच असेल असें नाहीं. म्हणून इतर लक्षणेंही येथें देतों. आरंभीं अर्धा तास संगणक ठीक चालून मग मंदावत असेल व पंखा घोंघावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोंचला, कीं पुष्कळदां स्वतःच्या रक्षणासाठीं वेग कमी करतो. अशा वेळीं वीज तोडून, पंखा बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. केवळ सुरू होतांनाच विलंब लागत असेल, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरमधूनच एकेक करून थांबवावे. फक्त इंटरनेट मंद असेल, तर त्याच जोडणीवर मोबाइल लावून पाहावा. तोही मंद असल्यास दोष संगणकाचा नव्हे. संगणक रोज चुकीची तारीख दाखवीत असेल, तर आंतील नाण्याएवढी बॅटरी, तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो, संपली असण्याचा संभव आहे. आणि एक नियम कधींही मोडूं नये: एका वेळीं एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. चार उपाय एकदम केले, तर गुण कोणत्या उपायानें आला हें कधींच कळत नाहीं.

दोन कुपथ्यें टाळावीं. विषाणुनाशक दोन प्रोग्राम एकाच वेळीं चालवूं नयेत. ते एकमेकांच्याच वाटेंत येतात. आणि ‘आपला संगणक दूषित झाला आहे, या क्रमांकावर बोला’ अशी सूचना पडद्यावर झळकली किंवा तसा दूरध्वनि आला, तर तो वैद्य नव्हे, चोर समजावा. त्याच्या हातीं संगणकाचा ताबा देऊं नये. फसगत होऊन पैसे गेलेच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें. तसेंच विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. ज्यांच्या घरीं ती आवृत्ति असेल, त्यांनीं पुढील आवृत्ति आपल्या यंत्रास चालते कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

सर्वांत मोठें पथ्य मात्र प्रतींचें. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक तरी घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे. कुलवृत्तान्ताची एक प्रत आतां नागपुरास आमच्या भगिनीकडे आहे. पोथ्यांच्या दोनतीन प्रती निरनिराळ्या घरीं ठेवण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. आम्हांला तिची आठवण उशिरां झाली.

राहतां राहिला आमचा आरोपी. ज्यांच्यादेखत आम्ही त्याच्यावर रागावलों होतों, त्या सर्वांना रात्रीं जेवणानंतर माजघरांत बोलावलें आणि त्यांच्यासमोरच सांगितलें, “चूक तुझी नव्हती. आम्हीं नाडी न पाहतां औषध दिलें, आणि तेंही भलत्यालाच.” तो लाजून आपल्या आईमागें दडला. आंकड्यांची वही आतां त्याच्या स्वाधीन आहे. दर रविवारीं तो तींत तारीख घालून तीन आंकडे लिहितो, दादांच्या पानांची प्रत घेतो, आणि तेवढें झाल्यावर आपला खेळ खेळतो.