तुमचं कसं जमलं? बायोडाटा, रील आणि अ‍ॅपमधून जोडी जुळते तेव्हा फोनमध्ये काय घडतं

साखरपुडा झालेली जोडी भेटली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमचं कसं जमलं?" मी नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्याकडे याची उत्तरंही ठरलेली असायची. मामाने सुचवलेलं स्थळ, कुणाच्या तरी लग्नातली ओळख, कॉलेजला जाताना रोजची एसटी. आता त्यात तीन नवीन उत्तरं आली आहेत. "व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडाटा आला होता", "माझ्या रीलवर कमेंट केली होती" आणि "अ‍ॅपवर मॅच झालो".

प्रेम का होतं हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. पण दोन अनोळखी माणसांना फोन समोरासमोर कसा आणतो, हे नक्कीच समजून घेता येतं. चला तर मग, पाहूया.

फोनच्या आधी काय होतं?

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. धडगाव, मोलगी भागात डोंगरातल्या पाड्यांवरून लोक गूळ, डाळ्या, खजूर घ्यायला उतरतात. ढोल वाजतात, नाच होतो. बाहेरच्या बातम्यांत याला सर्रास 'लग्नाचा बाजार' म्हटलं जातं. त्यावर आदिवासी समाजातल्या अनेकांचा आक्षेप आहे, आणि तो बरोबर आहे. हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. जिथे एवढे लोक जमतात तिथे तरुण मुलंमुली एकमेकांना बघणारच, बोलणारच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अशा बाजारात कोण कुठल्या पाड्याचा, कुणाचा मुलगा, हे सांगणारं कुणीतरी आसपास असतंच. फोनवर ओळख होते तेव्हा हा सांगणारा माणूस गायब असतो. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

१. बायोडाटा

समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे वाटेत कुणी ते वाचू शकत नाही. पण ज्याला मिळाला तो पुढे कुणालाही पाठवू शकतो. तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी फॉरवर्ड झालेल्या कॉपी तशाच राहतात. लग्न ठरल्यावरही तुमचा जुना बायोडाटा कुठल्या तरी ग्रुपवर फिरत असू शकतो. म्हणून त्यात घरचा पूर्ण पत्ता आणि मुलीचा स्वतःचा नंबर टाकू नका. गाव आणि घरातल्या मोठ्या माणसाचा नंबर पुरेसा आहे.

२. रील

तुम्ही काठीच्या होळीची रील टाकली आणि अक्कलकुव्याच्या एका अनोळखी मुलीने लाइक केली. हा निव्वळ योगायोग नसतो. कोण काय बघतं, किती वेळ बघतं, कुणाला फॉलो करतं, यावरून इन्स्टाग्राम रील पुढे सरकवतं. दोघांचे काही मित्र सारखे असले की एकमेकांची प्रोफाइल सुचवली जाण्याची शक्यता वाढते. ओळख अशी सुरू होते. पुढे कमेंट, मग मेसेज. अ‍ॅपचा हेतू मात्र तुम्हाला स्क्रीनवर थांबवण्याचा असतो, तुमचं लग्न जमवण्याचा नाही.

३. अ‍ॅपवरची मॅच

इथे थोडं गणित आहे, पण सोपं आहे. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी जोड्या जुळवण्याची एक पद्धत मांडली. समजा, शहाद्याचा आणि तळोद्याचा अशा दोन्ही मुलांना नवापूरची मुलगी पहिली पसंत आहे. दोघेही तिला विचारतात. तिला तळोद्याचा जास्त आवडतो, म्हणून ती त्याला 'थांब' म्हणते आणि शहाद्याच्याला नाही. मग शहाद्याचा त्याच्या दुसऱ्या पसंतीला, धडगावच्या मुलीला विचारतो. ती हो म्हणते. आता आपला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं दोघांनाही वाटेल, अशी जोडी उरत नाही. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. हिंज या डेटिंग अ‍ॅपनेही ही पद्धत वापरली आहे.

यातली गंमत अशी की या पद्धतीत जी बाजू विचारते तिचा फायदा असतो. तेव्हा मुलींनो, नुसती रिक्वेस्ट यायची वाट बघू नका. आवडलं तर स्वतः विचारा.

विवाह जुळवणाऱ्या अ‍ॅपमध्ये आधी वय, शिक्षण, जात, गाव यांचे फिल्टर लागतात. पण हे सगळं तुम्ही भरलेल्या माहितीवर चालतं. समोरच्याने खोटं भरलं तर गणित बरोबर आणि उत्तर चूक!

निळी टिक म्हणजे काय?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आज प्रोफाइलवरच्या 'व्हेरिफाइड' टिकमागे बऱ्याचदा असंच एखादं ओळखपत्र असतं. केंद्र सरकारनेही जून २०१६ मध्ये विवाह जुळवणाऱ्या साइट्सना वापरकर्त्यांची ओळख तपासायला सांगितलं.

पण आधारवर नाव, फोटो, जन्मतारीख आणि पत्ता असतो. माणूस आधीच विवाहित आहे का, सांगतो ती नोकरी खरी आहे का, हे त्यावर नसतं. टिक म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे.

भेटण्याआधी एवढं करा

• प्रोफाइलचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकून पाहा. तो दुसऱ्याच कुणाच्या नावाने सापडतो का?
• व्हिडिओ कॉल करा. दरवेळी कॅमेरा 'खराब' असेल तर सावध व्हा.
• आधार द्यायची वेळ आलीच तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.
• भेटण्याआधीच पैसे, ओटीपी किंवा खासगी फोटो मागितले तर बोलणं तिथेच थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.
• पहिली भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी. कुठे जाताय ते मैत्रिणीला किंवा भावाला सांगा आणि लाइव्ह लोकेशन पाठवा.
• त्याच्या गावात ओळखीचं कुणीतरी शोधा. एक फोन करा, सरळ विचारा.

माझ्या मते शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. बाजारात, लग्नात, एसटीत जो सांगणारा माणूस आपोआप मिळायचा, तो आता आपल्याला मुद्दाम शोधावा लागतो. कुणाला न सांगता जमवलेलं असेल तरी एका विश्वासू माणसाला तरी सांगाच. आणि हो, मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झाल्याशिवाय लग्न नाही, मग ओळख कुठेही झालेली असो.

तुमचं कसं जमलं? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ज्याचा बायोडाटा सध्या ग्रुपवर फिरतोय, त्या मित्राला हा लेख पाठवा.