दिवाळीचा पाक, किल्ला आणि कंदील
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी असेच विषय असतात. या खेपेस विषय जरा घरगुती घेतला आहे. दसरा झाला की बॉयलर पेटवण्याची गडबड सुरू होते, टोळ्या उतरू लागतात आणि नेमकी त्याच दिवसांत पोरांना सुट्टी लागते. आता लाडू, चिवडा, कंदील, किल्ल्यावरची चित्रं, सगळं तयार विकत मिळतं. तरीही घरोघर काहीतरी केलं जातंच, आणि गट फिरताना दरवर्षी दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक, "लाडवाचा पाक बिघडला." दुसरी, "किल्ला उभा केला नि तिसऱ्या दिवशी तडकला." पहिली तक्रार साखरेची, दुसरी मातीची. म्हणजे दोन्ही आमच्याच खात्यातल्या. तेव्हा उत्तर देणं आमच्याकडे आलं.

आधी पाक. पाक म्हणजे साखर आणि पाणी, एवढंच. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे २ किलो साखर विरघळते. तेच पाणी उकळतं असेल तर पावणेपाच किलोच्या पुढे साखर पोटात घेतं. पाक गार होऊ लागला की ही जादा साखर पाण्याला पेलत नाही, ती दाण्याच्या रूपानं बाहेर पडू पाहते. कारखान्यात पॅनवर आपल्याला नेमकं हेच हवं असतं. पॅनवरचा माणूस काचेच्या तुकड्यावर नमुना घेऊन उजेडात दाणा बघतो ना, तो हेच बघत असतो. घरच्या पातेल्यात मात्र दाणा कधी हवा असतो आणि कधी नको असतो. सगळी मेख इथं आहे.

पाणी जसजसं आटतं तसतसा पाक जास्त तापतो. साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. एकतारी पाक सुमारे १०५-१०६ अंशांवर असतो, तेव्हा त्यात शंभरात ७० भाग साखर झालेली असते. ११२ ते ११६ अंशांवर गोळीबंद पाक होतो, गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी वळते. १४६ अंशांच्या पुढे थेंब पाण्यात पडताच काचेसारखा कडक होतो. त्याहूनही पुढे, १६० च्या वर, साखर तांबूस होऊन करपण्याच्या वाटेला लागते. घरात थर्मामीटर नसतो, आणि नसला तरी काही अडत नाही. आपल्या आया-आज्यांनी दोन बोटांत तार धरून हे अंश केव्हाच मोजले आहेत. फक्त तार बघताना चमच्यातला थेंब बशीत घेऊन क्षणभर निवू द्यावा. कढईतला थेंब थेट बोटावर घेऊ नये.

आता रव्याचे लाडू. पाकाची परीक्षा खरी इथंच होते. दोन वाट्या बारीक रवा अर्धी वाटी तुपावर मंद आचेवर खमंग भाजावा. शेवटी एक वाटी ओलं खोबरं घालून पुन्हा परतावं. दुसऱ्या पातेल्यात दीड वाटी साखर आणि पाऊण वाटी पाणी घ्यावं. वाटी दोन्हीकडे एकच असू द्या. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, आणि एकदा उकळी आली की ढवळणं बंद. इथंच पुष्कळजण चुकतात. काळजीपोटी पळी फिरवत राहतात, त्यामुळे पाक मध्येच दाणेदार होतो. पातेल्याच्या कडेला उडून वाळलेले साखरेचे कण हेही बेण्यासारखेच. एक कण आत पडला की त्याच्याभोवती हजार तयार होतात. त्यासाठी उकळी येताच दोन मिनिटं झाकण ठेवावं, वाफेनं कडा आपोआप धुतल्या जातात. पाकावर फेस आला तर चमचाभर दूध घालून मळी काढून टाकावी. गुऱ्हाळात भेंडीचा रस हेच काम करतो आणि आपल्या कारखान्यात चुना.

एक तार आली की पातेलं उतरवून रवा-खोबरं, वेलदोडा घालावा आणि झाकून ठेवावं. सुरुवातीला ते पातळ दिसतं. दिसू द्या. घाबरून आणखी रवा घालू नका. दोन-तीन तासांत रवा पाक पितो. अधूनमधून हलवत राहावं आणि वळण्याजोगं झालं की लाडू वळावेत. मिश्रण फारच कोरडं झालं तर पाक तारेच्या पुढे गेला असं समजावं. कोमट दुधाचा हबका मारून मळावं, मात्र असे लाडू दोन-तीन दिवसांत संपवावेत. ओल्या खोबऱ्याचे लाडू मुळातच फार दिवस ठेवायचे नसतात.

जिथं दाणा अजिबात नको असतो, म्हणजे गुलाबजाम किंवा जिलबीचा पाक, तिथं चार-पाच थेंब लिंबू पिळतात. त्याचं कारण सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. हे तुकडे मध्ये आले की उरलेल्या साखरेला दाणा धरता येत नाही. जिलबीला हे चांगलं. पण तोडलेला ऊस फडात किंवा गाडीत दोन-तीन दिवस पडून राहिला की त्याच्या पोटातही हेच होतं. साखर फुटते, रस आंबतो, पॅनवर दाणा धरत नाही आणि उतारा खाली येतो. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे असं आम्ही का सांगतो, ते लिंबाच्या चार थेंबांत आलं. वजनाची तूट वेगळीच.

दाण्यांची चिक्की मुलांना स्वतः करू द्यावीशी वाटते, पण चुलीपाशी उभं राहायचं काम मोठ्या माणसाचंच. एक वाटी चिरलेला गूळ, एक वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, चमचाभर तूप. पाणी घालायचं नाही. गूळ वितळून फसफसू लागला की वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकत राहावं. थेंब मऊ असेल तर अजून थांबा. मोडताना टक् असा आवाज आला की तयार. दाणे घालून, तूप लावलेल्या ताटावर ओतून चटकन लाटावं आणि गरम असतानाच सुरीनं रेघा पाडाव्यात. चिक्की दाताला चिकटते ती पाक कमी शिजल्यामुळे, गुळाची त्यात चूक नसते. दाणे सोलणं, ताटाला तूप लावणं, निवाल्यावर तुकडे मोडणं ही मुलांची कामं. शेवटच्या कामाला मुलं कमी पडत नाहीत.

पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट. एक तर तो जास्त तापलेला, त्यात कातडीला चिकटून बसतो. पोळलंच तर लगेच नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरावं. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. फोड मोठे असतील, किंवा तोंडावर वा सांध्यावर भाजलं असेल तर दवाखाना गाठावा.

आपल्या पुष्कळ सभासदांची मुलं-नातवंडं आता अमेरिकेत आहेत. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, लाल भोपळा कोरून आत दिवा लावतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, तेव्हा तिकडच्या मराठी घरांत पणती आणि भोपळा शेजारी बसले असणार. ही चाल मूळ आयर्लंड-स्कॉटलंडची. तिथं सलगम कोरत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला, कोरायला सोपा आणि आकारानं मोठा. मोबाइलवर बघून इकडच्या मुलांनीही हट्ट धरला तर कोरू द्या, परसात भोपळा असतोच. वरची चकती मोठ्यांनी कापून द्यावी, आतला गर मुलांनी पळीनं खरवडावा. गर मात्र टाकू नये. दोन वाट्या किसात एक वाटी गूळ घालून शिजवावं, निवल्यावर मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर तांदळाची पिठी घालून घट्ट मळावं, जाडसर थापून तळावं, की झाले घारगे. कोरलेला भोपळा आपल्या हवेत तीन-चार दिवसांत सडतो. मग तो गोठ्यात न टाकता उकिरड्यात टाकावा.

आता किल्ला. काळ्या मातीचा किल्ला फुटतो यात पोरांचा दोष नाही. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात त्याचंच हे छोटं रूप. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. तीत दोन पाट्यांना एक पाटी वाळू आणि अर्धी पाटी गव्हाचा भुसा मिसळला की आकसणं कमी होतं, आणि भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात. तांबडी माती किंवा मुरूम मिळाला तर उत्तमच. आतला सांगाडा दगड-विटांचा करून वर भिजवलेलं गोणपाट टाकावं. वजन कमी राहावं म्हणून काहीजण आत पाचट भरतात. तसं मुळीच करू नये, वर पणत्या लागणार आहेत. चिखलाचा पहिला थर पातळ द्यावा, तो निम्मा वाळला की दुसरा, आणि रात्री ओलं फडकं झाकावं. झटपट वाळवलं की तडा गेलाच.

नुसता ढिगारा करून वर बुरूज लावण्यापेक्षा खरा एखादा किल्ला करावा, असं मला वाटतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, प्रतापगड, पन्हाळा, शिवनेरी, साल्हेर ही नावं मुलांना पाठ असतात. करायला बसलं की राजगड मोठा मजेचा. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या पसरलेल्या. पद्मावती माचीवर तळं करायला नारळाची करवंटी पुरावी. संजीवनीला दुहेरी तटबंदी आहे, ती दाखवायला विसरू नये. इतक्या उंचावर पाणी कसं साठवलं असेल, हा प्रश्न मुलं तळं करताना आपणहून विचारतात. त्यावर बापानं थोडं बोलावं, शेततळं करणाऱ्याला ते सांगता येईल.

हिरवळीला अळीव सगळ्यांत चांगलं. पाण्यात वीस मिनिटं भिजवलं की ते बुळबुळीत होतं आणि उतारावरही चिकटून राहतं. तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत हिरवंगार. म्हणजे वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस टाकावं. मोहरीही चालते. गहू टाकायचा तर आठ दिवस आधी आणि खायच्या पोत्यातला. पेरणीसाठी आणलेलं, औषध चोळलेलं रंगीत बी मुलांच्या हाती अजिबात देऊ नये.

कंदिलाला फार सांगावं लागत नाही. जाड कागद लांबीत मधोमध दुमडावा, घडीच्या बाजूनं दोन-दोन सेंटिमीटरवर चिरा द्याव्यात, पलीकडची तीन सेंटिमीटर कड न कापता ठेवावी. उलगडून गोल चिकटवला आणि वरून थोडा दाबला की पाकळ्या फुगतात. आत दुसऱ्या रंगाच्या पतंगी कागदाची नळी, खाली झिरमिळ्या. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात शिजवला की खळ तयार. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण ते विषारी आहे. मुलं हात घालणार असतील तर नको. आत एलईडीचा दिवा सोडावा, तो तापत नाही.

घरी करू नये अशी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढायची 'गन' मुलं मोबाइलवर बघून करतात. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा गनमुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. पाइपाचे तुकडे आपल्या प्रत्येक शेतात पडलेले असतात, तेव्हा मुलं कोपऱ्यात बसून काय जोडताहेत त्याकडे लक्ष असू द्या. बाण आणि रॉकेटही उसाच्या बाजूला तोंड करून लावू नयेत. पाचटानं वाळलेल्या फडाला एक ठिणगी पुरते, आणि जळीत ऊस वजनात व उताऱ्यात दोन्हीकडून मारतो.

शेवटी टोळ्यांविषयी. बीड, जालना, अहिल्यानगरकडून आलेली माणसं बहुधा दिवाळीच्या आगेमागेच आपल्या शिवारात उतरतात आणि त्यांची पोरं कोप्यांतच सण काढतात. घरात लाडू वळताना आणि चिक्की लाटताना एक डबा त्यांच्यासाठी वेगळा काढावा, एखादा कंदील जादा करावा. कोपी पाचटाची नि प्लास्टिकची असते, म्हणून तिथं पणती-मेणबत्ती देऊ नये. सेलवरच्या छोट्या दिव्याचा कंदील द्यावा. आपली मुलं किल्ला करत असतील तर त्या पोरांनाही चिखलात हात घालू द्यावा. माती कालवायला जितके हात तितकं बरं.

किल्ला पाडव्यानंतर लगेच मोडू नका, तुळशीचं लग्न होईपर्यंत राहू द्या. मग हिरवळ शेळीला घालावी, दगड-विटा जागेवर लावाव्यात आणि भुसा मिसळलेली माती परसातल्या वांगी-मिरचीच्या वाफ्यात पसरावी. माती आधीच भुसभुशीत झालेली असते, खुरपणीला सोपी जाते.