सुरतेतील शिक्षणाचे दिवस

शिक्षणाकरिता आम्ही सुरतेस प्रथम आलो, तेव्हा या शहराविषयीचे आमचे ज्ञान शालेय इतिहासापुरतेच होते. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, एवढेच आम्हांस ठाऊक. पहिल्याच रविवारी तापीकाठचा किल्ला पाहावयास गेलो. पोर्तुगीजांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून तो सोळाव्या शतकात बांधला गेला. १६६४ साली शहर जळत असता सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. तेथून इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात गेलो आणि जॉर्ज ऑक्झेंडनची भव्य घुमटाची कबर पाहिली. त्या धामधुमीत इंग्रजांची वखार राखणारा तो हाच!

सायंकाळी हे सारे आम्ही मोठ्या अभिमानाने घरमालक काकांना सांगितले. "दीकरा, जळाली ती आमच्या पूर्वजांची घरे होती," एवढेच ते वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले. आम्ही खजील झालो.

मग त्यांनीच ग्रामोफोनवर पंडित ओंकारनाथ ठाकुरांची तबकडी लावली. खंबायतजवळील जहाज गावी १८९७ साली जन्मलेले, भडोचेस वाढलेले हे थोर गायक कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. "गुरू तुमचे, गळा आमचा!" काका हसून म्हणाले.

पुढे आमचा रविवारचा क्रमच ठरला : दिवसा नगरदर्शन, रात्री काकांकडे गाणे. परमुलुखात वसलेल्या मराठी घरांनी मुलांना महाराजांचा पराक्रम अवश्य सांगावा. परंतु शेजाऱ्याच्या घरची आठवणही ऐकून घ्यावी, असे आम्हांस वाटते.