घरची वाईन स्पर्धेला का पाठवतात?

सिन्नर-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला आपला माल कसा आहे हे कळायला वेगळा परीक्षक लागत नाही. व्यापारी बागेत येतो, मण्यांची साईज बघतो, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स म्हणजे साखर बघतो आणि भाव सांगतो. पटो न पटो, निकाल तिथल्या तिथे लागतो.

आता छंद म्हणून घरी वाईन किंवा मीड करणाऱ्या माणसाचा विचार करा. (मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट यांपासून आंबवलेलं पेय. पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना या कंपन्या ते बनवतात.) महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, म्हणून आपल्याकडे हा छंद उघडपणे करता येत नाही. अमेरिकेत मात्र दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 757 लिटर वाईन स्वतःसाठी करता येते. पण ती विकता येत नाही.

खरी गोम इथेच आहे. विक्री नाही म्हणजे भाव नाही, आणि भाव नाही म्हणजे निकालही नाही. फुकट पिणारे मित्र ‘मस्त झालीय’ असंच म्हणणार. स्वतःच्या नाकावरही फार विसंबता येत नाही, कारण एकच वास सतत आला की नाकाला त्याची सवय होते. त्यामुळे व्हिनेगरचा किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असला, तर तो करणाऱ्यालाच सगळ्यात उशिरा कळू शकतो.

स्पर्धा ही उणीव भरून काढते. बाटलीवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. अमेरिकेतल्या बीजेसीपी या संस्थेच्या मीडच्या गुणपत्रिकेत 50 पैकी गुण देतात: वास 10, रूप 6, चव 24, एकूण परिणाम 10. सोबत शेरेही लिहिलेले असतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी 1982 मध्ये ‘सिरियस लेझर’ ही कल्पना मांडली. कौशल्य आणि चिकाटी मागणाऱ्या छंदात माणूस नोकरीसारखाच पायऱ्या चढत जातो. स्पर्धेचा निकाल म्हणजे त्यातली एक दिसणारी पायरी.

पण हा परीक्षक तरी किती भरवशाचा? रॉबर्ट हॉजसन हे समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, स्वतःची वायनरी असलेले. आपल्याच वाईनला वेगवेगळ्या स्पर्धांत वेगवेगळे निकाल मिळतात हे बघून त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरमध्ये प्रयोग केला. एकाच बाटलीतली वाईन परीक्षकांना न सांगता तीनदा दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या गटात बसतील असे गुण देणारे परीक्षक निघाले सुमारे 10 टक्के! 2009 च्या दुसऱ्या लेखात त्यांनी 13 स्पर्धांचे निकाल जुळवले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत गेलेल्या वाईनपैकी ज्यांना कुठेतरी सुवर्ण मिळालं, त्यातल्या 84 टक्के वाईनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळालं नव्हतं.

मग लोक तरीही का उतरतात? इथे संशोधनाची पद्धत कामाला येते. थेट विचारलंत तर बहुतेक जण ‘फीडबॅकसाठी’ म्हणतील, कारण ते उत्तर शोभून दिसतं. म्हणून उत्तरापेक्षा वागणूक तपासा. शेऱ्यांसाठी आलेला माणूस पुढची बॅच बदलेल, आणि तीन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता ‘व्हिनेगर’ लिहिलं असेल तर ते गंभीरपणे घेईल. पदकासाठी आलेला तीच वाईन स्पर्धेमागून स्पर्धेला पाठवत राहील. निकालात नशिबाचा वाटा इतका मोठा असेल, तर त्यालाही कधीतरी सुवर्ण मिळेलच. म्हणजे नुसती पदकं मोजून हे दोघे वेगळे ओळखता येणार नाहीत. गुणपत्रिका आणि पुढच्या बॅचची नोंदवही शेजारी ठेवलीत, तर येतील.

आपले पेपरही विकले जात नाहीत. त्यांचा निकाल दोन-तीन रिव्ह्यूअर लावतात. रिव्ह्यू परत आला की आधी ‘स्वीकारला की नाकारला’ बघणं साहजिक आहे. पण दोन अनोळखी लोकांनी एकाच परिच्छेदावर बोट ठेवलंय का, हेही बघा. पुढच्या मसुद्याला उपयोग होतो तो त्याचाच.