रुईची प्रत आणि कापसाचा भाव : एका हरवलेल्या वाणाची गोष्ट



वेचणी सुरू झाली की पारावर, एस. टी. थांब्यावर एकच प्रश्न ऐकू येतो : "आज काय भाव निघाला?" आपल्या कापसाची रुई किती निघते, तिचा तंतू किती लांब आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विकणारा विचारत नाही आणि विकत घेणाराही सांगत नाही. गाडी काट्यावर चढते, व्यापारी हात घालून मूठभर कापूस बाहेर काढतो, ओलावा पाहतो आणि आकडा सांगतो. आपण विकतो कापूस. गिरणी विकत घेते ती रुई. या दोहोंतील अंतर समजून घेतले नाही तर काय होते, हे विदर्भाने एकदा अनुभवले आहे. ती गोष्ट सांगण्यापूर्वी रुईचे कापड कसे होते ते पाहू, म्हणजे प्रत कशाला म्हणतात ते कळेल.

एक तंतू म्हणजे एक पेशी

सरकीच्या सालीवरील एकेक पेशी लांबत जाते, तिलाच आपण कापसाचा तंतू म्हणतो. फूल उमलल्यापासून साधारण पहिले तीन आठवडे हा तंतू केवळ लांबीने वाढतो. या काळात जमिनीत ओल कमी पडली तर लांबी कमी राहते आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती भरून निघत नाही. त्यानंतर बोंड फुटेपर्यंत तंतूच्या आत सेल्युलोजचे थरावर थर बसतात व तंतू भरतो. बोंड उकलले की हा ओला, गोल तंतू वाळतो, चपटा होतो आणि फितीला पीळ द्यावा तसा स्वतःभोवती पिळला जातो. सूत काततांना एक तंतू दुसऱ्याला धरून राहतो तो या नैसर्गिक पिळामुळे. सेवरीचा कापूस दिसायला रेशमासारखा असतो, पण त्याच्या तंतूला हा पीळ नाही. म्हणून तो उशा-गाद्यांत जातो, मागावर येत नाही.

ज्या बोंडात थर पुरेसे बसले नाहीत, म्हणजे जे किडीने, रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने अवेळी उकलले, त्याचा तंतू पोकळ राहतो. त्याला पीळ नीट पडत नाही, यंत्रात त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि रंगवितांना त्या गुठळ्या रंग घेत नाहीत. निळ्या शर्टावर कधी कधी पांढुरके ठिपके दिसतात, त्यांचे मूळ पुष्कळदा आपल्या वावरातील कवडीत असते.

रेचा, पिंजण, चाती, माग

सरकीपासून रुई वेगळी करणे ही कापड तयार करण्यातील पहिली आणि पूर्वी सर्वांत वेळखाऊ पायरी होती. आपल्याकडे हे काम रेच्यावर, त्याहूनही आधी दगडी पाटीवर लोखंडी किंवा लाकडी रूळ फिरवून होत असे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत रुई काढणारी स्त्री दिसते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. नेवाशाच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशीम व कापसाच्या धाग्याचे अवशेष मिळाले. म्हणजे ही विद्या आपल्या मातीत जुनी आहे.

सरकी काढली की पिंजारी धनुकलीच्या तातीने रुई मोकळी करी. तातीच्या कंपाने तंतू सुटे होतात आणि कचरा खाली झडतो. मोकळ्या रुईचे पेळू वळायचे, पेळूतून थोडे थोडे तंतू ओढत चातीने पीळ द्यायचा, की सूत तयार. उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ लावून मागावर ताणायचे आणि धोट्यातून बाण्याचा धागा आरपार फेकायचा. आजची सूतगिरणी कितीही मोठी असली तरी क्रम हाच आहे. ब्लो रूम आणि कार्डिंग म्हणजे पिंजण, रिंग फ्रेम म्हणजे हजारो चात्या.

सूत किती बारीक ते नंबराने सांगतात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका त्याचा नंबर. ४० नंबरचे एक किलो सूत उलगडले तर सुमारे ६७ किलोमीटर भरते. अशा सुताच्या आडव्या छेदात जेमतेम शंभराच्या आसपास तंतू असतात. जाड सुतात काही तंतू आखूड असले तरी बाकीचे त्याला सांभाळून घेतात. बारीक सुतात तशी सवड नाही. तेथे प्रत्येक तंतू लांब, भरलेला आणि मजबूत लागतो, नाहीतर धागा तुटतो. धागा तुटला की चाती थांबते आणि गिरणीचा पैसा वाया जातो. गिरणीला लांबी का हवी, याचे उत्तर इतके साधे आहे.

बाणी कापूस कोठे गेला?

आता मूळ गोष्टीकडे वळू. एकोणिसाव्या शतकात वर्धा खोऱ्यात 'बाणी' नावाचा देशी कापूस पिकत असे. व्यापारात तो 'हिंगणघाट' या नावाने ओळखला जाई. देशी असूनही त्याचा तंतू लांब, बारीक व मऊ होता आणि मुंबईच्या बाजारात त्याला मान होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. भाव भडकले. पाठोपाठ १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढील काही वर्षांत खामगाव व अमरावतीपर्यंत खास कापसासाठी फाटे टाकले गेले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आता राहिली नाही, पण कापसाच्या वावरांजवळच गिरणी काढावी हा विचार त्या काळी धाडसाचा होता.

एवढा पैसा कापसाभोवती आल्यावर बाणी कापूस वाढायला हवा होता. झाले उलटेच. बाणीचा रुईचा उतारा कमी, शंभर भाग कापसातून तिसाच्या आतबाहेर. त्याच वावरांत पांढऱ्या फुलांचा दुसरा देशी कापूस होता. त्याला शास्त्रीय वर्गीकरणात 'रोझियम' म्हणत. त्याचा तंतू आखूड आणि भरड, पण उतारा अडतीस ते चाळीसपर्यंत. शिवाय तो काटक आणि लवकर येणारा. व्यापाऱ्याने दोन्हींत भावाचा पुरेसा फरक ठेवला असता तर शेतकऱ्याने बाणी टिकवला असता. पण मधल्या हातांनी दोन्ही एकत्र करून गाठी बांधल्या. भरड कापसालाही परदेशात, विशेषतः पुढे जपानमध्ये, गिऱ्हाईक मिळत गेले. अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाणारा हा मिश्र, आखूड धाग्याचा कापूस वऱ्हाडची ओळख होऊन बसला. इंग्रज सरकारने नेमलेले कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस हिंगणघाटचे शुद्ध बियाणे राखण्यासाठी बरेच प्रयत्न केले. काट्यावर वजनालाच पैसा मिळत असेल तर अधिकाऱ्याच्या सांगण्याने वाण टिकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाणीची पिछेहाट झालेली होती.

माझ्या मते यात शेतकऱ्याची चूक नव्हती. ज्याला पैसा मिळतो ते तो पिकविणारच. चूक भाव ठरविण्याच्या पद्धतीत होती. त्या पद्धतीत आजही फार फरक पडलेला नाही, म्हणून ही जुनी गोष्ट येथे सांगितली.

पुढचा इतिहास आपणास ठाऊक आहे, तो थोडक्यात सांगतो. रुईची शास्त्रशुद्ध तपासणी करणारी प्रयोगशाळा १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला निघाली. १९४७ च्या फाळणीत लांब धाग्याचा कापूस पिकविणारा सिंध व पश्चिम पंजाबचा भाग पाकिस्तानात गेला आणि गिरण्या बहुतांशी इकडे राहिल्या. त्यामुळे अमेरिकन कपाशीवर भर देणे भाग पडले. १९७० मध्ये गुजरातच्या सुरत केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण दिला. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली. आज आपल्या बहुतेक वावरांत २८ ते ३० मिलिमीटर तंतूचे संकरित बीटी वाण आहेत. म्हणजे लांबी परत आली. ती गाठीपर्यंत शुद्ध पोहोचत नाही, हे आजचे दुखणे आहे.

गिरणीत काय दिसते

विद्यार्थ्यांना घेऊन सूतगिरणीत गेलो की मी त्यांना यंत्रे दाखविण्याआधी गाठी फोडतात तेथे नेतो. तेथे बाया रांगेने बसून रुईतून वेचत असतात : डोक्याचे केस, सुतळीचे तुकडे, पुड्यांचे कागद, कोंबडीची पिसे आणि सर्वांत जास्त म्हणजे प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे. एका खेपेला एका मुलाने निळ्या पोत्याचा धागा हातात घेतला आणि म्हणाला, "सर, आमच्या घरी अशाच पोत्यांत भरतात." खरे सांगायचे तर माझ्याही घरी खताच्या रिकाम्या पोत्यांतच कापूस भरला जाई. कोणी वावगे मानत नसे.

या प्लॅस्टिकचा धोका असा, की ते पिंजणात बारीक होऊन सुतात मिसळते. पांढरे असेल तर डोळ्यांना दिसतही नाही. कापड विणून रंगवल्यावर मात्र ते रंग घेत नाही आणि पूर्ण ताग्यावर रेघा उमटतात. तोपर्यंत सगळा खर्च होऊन गेलेला असतो. त्यामुळे खरेदीदार आधीच भावात जोखीम धरतो. स्वच्छ कापूस आणणाऱ्यालाही त्याची झळ बसते.

घरच्या घरी रुईची परीक्षा

पुढील दोन परीक्षांसाठी प्रयोगशाळा लागत नाही. सोन्याच्या दुकानातील किंवा औषधाच्या दुकानातील छोटा वजनकाटा मिळाला तर उत्तम.

पहिली परीक्षा उताऱ्याची. वावराच्या निरनिराळ्या भागांतून घेतलेला, चांगला वाळलेला २०० ग्रॅम कापूस घ्यावा. हाताने सरकी काढावी. रुईचे वजन करून त्याला दोनने भागावे, म्हणजे शेकडा उतारा मिळतो. ६८ ग्रॅम रुई निघाली तर उतारा ३४ टक्के. याचा अर्थ पैशात पाहू. हिशेबापुरते रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३० रुपये किलो धरू. एक किलो घट सोडली तर ३३ टक्के उताऱ्याच्या क्विंटलमधून ३३ किलो रुई व ६६ किलो सरकी, म्हणजे ६,९३० रुपयांचा माल निघतो. ३६ टक्के उताऱ्यातून ३६ किलो रुई व ६३ किलो सरकी, म्हणजे ७,२९० रुपयांचा. क्विंटलमागे ३६० रुपयांचा फरक पडतो, तरी काट्यावर दोघांना भाव एकच! हा आकडा हाती असेल तर बोलतांना बळ येते.

दुसरी परीक्षा लांबीची. रुईसह एक सरकी घ्यावी. बारीक दातांच्या कंगव्याने तंतू हलक्या हाताने दोन्ही बाजूंना विंचरावेत. फुलपाखराच्या पंखांसारखा आकार होतो. काळ्या कापडावर ठेवून एका बाजूची लांबी फूटपट्टीने मोजावी. अशा दहा-पंधरा सरक्यांची सरासरी घ्यावी. यंत्रावरील आकड्याशी ती तंतोतंत जुळणार नाही, पण आपल्या दोन वाणांतील फरक मात्र स्पष्ट दिसेल. किमान आधारभूत किंमतीसाठी लांब धाग्याच्या कापसाची जी प्रत धरली आहे, तीत तंतूची लांबी २९.५ ते ३०.५ मि.मी. असावी लागते. म्हणजे सरकारी दर हा लांबीशी बांधलेला आहे, हे लक्षात असू द्यावे.

वेचणीच्या वेळी

सकाळचे दव उडाल्यावरच वेचणीस सुरुवात करावी. आधारभूत खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण दर मिळतो. त्यावर कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस नाकारला जातो. ओल्या कापसाने वजन वाढते असे वाटत असेल तर ते वजन आपलेच पैसे कापते, शिवाय ढिगात कापूस पिवळा पडतो. पूर्ण उकललेलीच बोंडे वेचावीत. वाळलेली पाने, पाती ओढून येणार नाहीत अशा बेताने हात चालवावा. कवडीसाठी वेचणाऱ्या बाईच्या कमरेला निराळी ओटी बांधावी. घरी आल्यावर निवडू म्हटले तर ते होत नाही. डोक्याला सुती रुमाल बांधावा. ओटी, पोते, झाकण सगळे सुती असावे. जुने लुगडे किंवा धोतर यासाठी उत्तम.

पहिला व दुसरा वेचा निराळा ठेवावा. शेवटच्या वेच्यात आणि फरदडीत तंतू आखूड व कमी भरलेला असतो. तो चांगल्या कापसात मिसळला तर पूर्ण ढिगाची प्रत खाली येते. एकाच वावरात तीन-चार कंपन्यांची पाकिटे लावण्याची सवय सोडावी. गावाने मिळून एकच वाण लावला आणि गटाने जिनिंग करून रुईच्या गाठी विकल्या, तर १७० किलोच्या प्रत्येक गाठीतून नमुना काढून लांबी, मजबुती व भरलेपणा यंत्रावर तपासून घेता येतो. तेथे मग वजनाबरोबर प्रतीलाही किंमत येते. बाणीच्या काळी शेतकऱ्याजवळ हे साधन नव्हते.

हलक्या, कोरडवाहू जमिनी असणाऱ्यांनी देशी कपाशीकडेही पुन्हा एकदा पाहावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए-२५५ (परभणी तुराब) व पीए-४०२ (विनायक) असे लांब धाग्याचे देशी वाण दिलेले आहेत. हे सरळ वाण असल्याने बियाणे घरी राखता येते. लावण्यापूर्वी आपल्या भागात असा कापूस निराळा खरेदी करणारा जिनिंगवाला आहे काय, याची चौकशी मात्र अवश्य करावी. तो नसेल तर गटाशिवाय या वाणाच्या वाटेला जाऊ नये. बियाणे राखतांना मधल्या वेच्यातील, निरोगी झाडांवरील कापूस बाजूला काढून त्याची सरकी निराळी काढून घ्यावी. जिनिंगच्या ढिगातील सरकी बियाण्यासाठी कधीही वापरू नये, कारण तीत किती वाण मिसळलेले आहेत हे जिनिंगवालाही सांगू शकत नाही.