फोच्या वाडग्यातलं रसायन

व्हिएतनामी जेवणाचं श्रेय बहुधा ताज्या पाल्याला दिलं जातं. माझ्या मते त्या चवीचा पाया नुओक माम हा माशांचा अर्क आहे. फू क्वोक बेटावर मांदेलीच्या कुळातले छोटे मासे आणि मीठ, साधारण ३ भागांस १, लाकडी पिंपांत वर्षभर मुरवतात. माशांचीच विकरं प्रथिनं तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात. त्यांतल्या ग्लुटामेटची चव म्हणजे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये ओळखलेली उमामी.

मग नुसतं मीठ का पुरत नाही? फो या नूडल सूपच्या रश्शात मांसातून इनोसिनेट उतरतं. ग्लुटामेटच्या जोडीला ते आलं की उमामी कैक पटींनी वाढते. मिठाला हे जमत नाही. नुओक मामच्या उग्र वासाचा आक्षेप रास्तच, पण त्याच्या चटणीत पिळलेल्या लिंबाचं आम्ल वासाच्या अमाइनांना बांधून ठेवतं.