विश्लेषण : चर्च एक झाली, पण मालमत्ता कोणाची? वलसाड-डहाणू पट्ट्यातील ‘ब्रदरन’ मंडळींचा वाद ४३ वर्षे का चालला?

मीरा रोडच्या नया नगरमधून लोकलने उत्तरेकडे निघाले की विरारनंतर पालघर, डहाणू आणि पुढे गुजरातमधील वलसाड लागते. याच रेल्वेमार्गाच्या आसपास सव्वाशे वर्षांपूर्वी एक छोटा ख्रिस्ती पंथ रुजला. मेनोनाइटांशी नाते सांगणारा, शस्त्र हाती न घेणारा आणि मोठ्या माणसांनाच बाप्तिस्मा देणारा. ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ असे त्याचे नाव. १९७० मध्ये हे चर्च एका मोठ्या चर्चमध्ये सामील झाले. मात्र त्यातील एका गटाचे हे सामील होणे कायद्याने पूर्ण झाले की नाही, याचा निकाल लागायला २०१३ उजाडले.

ब्रदरन म्हणजे कोण?

सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची लाट आली. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे जानेवारी १५२५ मध्ये काही जणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला श्रद्धा म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोधकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’ या अर्थाने अॅनाबॅप्टिस्ट म्हटले. त्यांचा मोठा छळ झाला. नेदरलँड्समधील मेनो सायमन्स या धर्मगुरूने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडले आणि विखुरलेल्या अनुयायांना सावरले. त्याच्या नावावरून ‘मेनोनाइट’ हा शब्द आला.

ब्रदरन त्यानंतरचे. जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी १७०८ मध्ये अलेक्झांडर मॅक आणि त्याच्या सोबत्यांनी, एकूण आठ जणांनी, नदीत बाप्तिस्मा घेऊन हा पंथ सुरू केला. पुढे ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाले. मेनोनाइट, ब्रदरन आणि क्वेकर या तिघांना मिळून ‘शांतिवादी चर्च’ म्हटले जाते, कारण युद्धात भाग घेण्यास त्यांचा परंपरेने नकार असतो.

त्यांची वेगळी ओळख कशात?

ब्रदरन बाप्तिस्म्यात माणूस पाण्यात गुडघे टेकतो आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला तीन वेळा पुढच्या बाजूने पाण्यात बुडवले जाते. ‘प्रीतिभोजन’ हा दुसरा महत्त्वाचा विधी. त्यात मंडळीतील माणसे आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र साधे जेवण करतात आणि त्यानंतर प्रभुभोजन घेतात. नवा करार हाच आपला आधार, त्यापलीकडे वेगळे मतपत्र नको, असे हा पंथ मानतो. बिशपच्या हाती अधिकार देण्यापेक्षा मंडळीने सभेत बसून निर्णय घ्यावा, ही त्यांची रीत. पुढचा वाद समजून घेताना ही रीत लक्षात ठेवायला हवी.

हा पंथ आपल्याकडे कसा आला?

विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे तिघे १८९४ मध्ये अमेरिकेहून भारतात आले आणि वलसाडला, म्हणजे तेव्हाच्या बुलसारला, त्यांनी काम सुरू केले. पाच वर्षांतच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला. गुजरातेत आजही तो ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो, कारण विक्रम संवत १९५६ होते. आईबाप गमावलेल्या मुलांसाठी मिशनने अनाथालये चालवली आणि तिथे वाढलेल्या मुलांमधून पहिल्या मंडळ्यांना बळ मिळाले. अंकलेश्वर, डांगमधील आहवा, डहाणू, वाडा अशी केंद्रे उभी राहिली. शाळा आल्या, दवाखाने आले. डहाणूच्या मिशन हॉस्पिटलचे नाव आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांमध्ये पोहोचले.

१९६० पर्यंत हा सारा पट्टा मुंबई राज्यातच होता. चर्चच्या अंतर्गत रचनेत मात्र ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे विभाग होते. त्यातील ‘फर्स्ट डिस्ट्रिक्ट’ मुख्यतः गुजराती भाषकांचा. त्याची नोंदणी संस्था म्हणूनही झाली आणि सार्वजनिक ट्रस्ट म्हणूनही. चर्चच्या इमारती आणि जमिनी या ट्रस्टच्या नावे होत्या.

१९७० मध्ये नेमके काय घडले?

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतू लागले होते. इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या भांडणांवरून इथल्या ख्रिस्ती माणसांनी वेगवेगळ्या चर्चमध्ये का विभागून राहावे, हा प्रश्न जोर धरत होता. दीर्घ चर्चेनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) स्थापन झाले. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशांच्या बरोबर ब्रदरनही त्यात होते.

ऐक्याची कल्पना मोठी होती आणि तडजोडही मोठी होती. सीएनआयमध्ये बिशप आहेत. लहान बाळांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही तिथे चालतात. अनेकांनी हे आनंदाने स्वीकारले. काहींना मात्र ज्या दोन गोष्टींसाठी पूर्वजांनी छळ सोसला, त्याच सोडल्यासारखे वाटले. फर्स्ट डिस्ट्रिक्टमधील अशा लोकांनी आपली मंडळी आणि आपला ट्रस्ट अजून कायम असल्याचा दावा केला. एकाच परंपरेतली, कित्येकदा एकाच गावातली माणसे समोरासमोर उभी राहिली.

न्यायालयांनी काय म्हटले?

वाद दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिला निकाल मे २००५ चा. चर्चच्या मालमत्तेचा वारस आपणच, अशी घोषणा सीएनआयला दिवाणी न्यायालयाकडून हवी होती. ट्रस्टच्या मालमत्तेसंबंधी असे प्रश्न सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील यंत्रणेने, म्हणजे धर्मादाय आयुक्तांनी, ठरवायचे असतात. थेट दिवाणी दाव्याला तिथे वाव नाही, असे न्यायालयाने सांगितले.

दुसरा निकाल ३० सप्टेंबर २०१३ चा. या वेळी मूळ प्रश्नच समोर होता : फर्स्ट डिस्ट्रिक्ट खरोखर विलीन झाले होते का? न्यायालयाने सीएनआयचा दावा मान्य केला नाही. एकत्र येण्याचा ठराव झाला, एवढ्याने नोंदणीकृत संस्था संपत नाही आणि तिच्या ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही, असा या निकालाचा गाभा आहे.

कायद्यात अडचण कुठे होती?

संस्था नोंदणी कायदा १८६० चा. त्याच्या कलम १३ नुसार संस्था विसर्जित करायची तर किमान तीन-पंचमांश सदस्यांनी तसे ठरवावे लागते. कलम १४ नुसार उरलेली मालमत्ता सदस्यांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे द्यावी लागते आणि त्यासाठीही तीन-पंचमांश मतांची अट आहे. ट्रस्ट असेल तर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याची प्रक्रिया वेगळी. विश्वस्त हे मालमत्तेचे मालक नसतात, राखणदार असतात. ज्या उद्देशासाठी ती दिली गेली, तो उद्देश ते आपल्या मर्जीने बदलू शकत नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकांशी याचा संबंध काय?

१९५० चा हा कायदा गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांना एकाच मुंबई राज्याकडून मिळाला आहे. त्यामुळे गुजरातमधून निघालेल्या या खटल्याचा धडा इथल्या देवस्थान, शिक्षणसंस्था, वाचनालय किंवा ज्ञातीच्या ट्रस्टनाही लागू होतो. मोठ्या संस्थेत सामील होण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर करणे सोपे असते. सदस्यांची पूर्ण यादी, पुरेशी मते, धर्मादाय आयुक्तांकडील नोंद हे काम कंटाळवाणे वाटते. तेच अर्धवट राहिले तर पुढची पिढी न्यायालयाच्या फेऱ्या मारते.

आज स्थिती काय?

ब्रदरन वारसा आता दोन प्रवाहांत वाहतो. डहाणू परिसरासह अनेक जुन्या मंडळ्या सीएनआयचा भाग आहेत, तर गुजरातमध्ये फर्स्ट डिस्ट्रिक्ट आपल्या जुन्या नावाने उभे आहे. अमेरिकेतील मूळ चर्च दोघांशीही नाते ठेवते. छत्तीसगडमधील धमतरी येथे १८९९ मध्ये आलेले मेनोनाइट १९७० च्या ऐक्यात सामील झाले नाहीत आणि आजही स्वतंत्र आहेत.

इमारत कोणाची, हे न्यायालय सांगू शकते. पण ज्या परंपरेत प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतले जातात, तिथली दुरावलेली माणसे पुन्हा एका ताटाशी बसतील का, हे मंडळीतल्या माणसांनाच ठरवावे लागेल.